माशांचा खाऊ आणि बाबांचं सूप

रविवार, ९ फेब्रुवारी

मिक्सर तापला. पाच मिनिटं थांबायचं ठरवलं आणि दुसऱ्याच मिनिटाला पुन्हा बटण दाबलं. हल्ली मला थांबताच येत नाही!

आजचं: पाव किलो कोलंबी, दोन माकूल (स्क्विड), मूठभर शिवल्यांचं मांस, थोडी गाबोळी, म्हणजे माशांची अंडी. समुद्री शेवाळाचे दोन वाळवलेले कागद भिजवून. लसणाच्या दोन पाकळ्या. मीठ नाही, तेल नाही, हळद नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माझ्या माशांसाठी जाडसर, कोरलसाठी, म्हणजे टाकीतल्या प्रवाळांसाठी, गंधासारखं बारीक. मग चहाच्या गाळणीत घेऊन फिल्टरच्या पाण्याने धुवायचं, पाणी नितळ होईपर्यंत. तो दुधाळ रस टाकीत गेला की आठवड्यात काचेवर हिरवा थर. शेवटी व्हिटॅमिनचे चार थेंब, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये. माशांचे चोवीस क्यूब झाले. कोरलचा ट्रे वेगळा.

सकाळी मच्छीवाली विचारत होती, "एवढीशीच कोलंबी? घरात दोघंच हाव काय?" म्हटलं, माशांसाठी आहे. तिने शेजारणीला हाक मारली. "ऐकलंस का? याच्याकडं मासं मासं खातात, नि ह्यो त्यांना सोलून देतो!" दोघी किती वेळ हसत होत्या.

फ्रीजरमध्ये माझे ट्रे वर, रत्नाचे खाली. लग्नात न ठरलेली वाटणी. रत्नाच्या ट्रेमध्ये बाबांचं सूप — कोंबडीचं पाणी, मूगडाळ, गाजर, सगळं वाटून गोठवलेलं. ती शाळेतून एक वाजता येते, मी साडेनऊला वळ गावातल्या गोडाऊनवर निघतो. मधल्या वेळेत बाबा एकटेच. अकराला तीन क्यूब गरम करून घ्यायचे, एवढंच त्यांचं काम.

घेत नाहीत. म्हणजे घेतात, चार चमचे, आणि उरलेलं मोरीत.

रत्ना म्हणाली, "तुझ्या माशांना चार प्रकार लागतात, आणि माणसाला एक सूप जाईना." टोमणा नव्हता. दमली होती.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाबांचं वजन ४१ किलो ३००. काल ४१.४०० होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डॉक्टरांचे शब्द सारखे डोक्यात. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, पण मानेत अजून एक गाठ आहे. आता केमो. मात्र, "या वजनावर मी सुई लावणार नाही. चव्वेचाळीस करून आणा. ५ मार्चला बघू."

चव्वेचाळीस! जसं काही बाजारातून आणायचंय.

आज संध्याकाळी माशांना घातलं. पंप बंद. क्यूब टाकीतल्याच पाण्यात वाटीत विरघळवला. कोरलना मोठ्या सिरिंजने द्यायचं, तोंडाजवळ, हळू. सिरिंज बाबांच्या नळीच्या वेळची उरलेली, नवी, पाकिटातली. नाकातली नळी जानेवारीत निघाली तेव्हा चार उरल्या होत्या.

बाबा कॉटवरून बघत होते. टाकी त्यांच्या समोरच आहे. कोरलना ते "तुझी कोबी" म्हणतात. बत्तीस वर्षं पॉवरलूमवर काढली माणसाने. खात्यातल्या खडखडाटात बोलायची सवय, घरीसुद्धा चार खोल्यांपलीकडे ऐकू जायचं. आता नुसती कुजबुज. कान जवळ न्यावा लागतो.

"सूप का सोडलं, बाबा?"

"चव न्हाय. राख हाय."

"औषध समजून घ्या."

"औषधंच घेतोय की. आनि किती?"

बुधवार, १२ फेब्रुवारी

गोडाऊनवर स्कॅनर हातात, डोकं घरी. दोन बॉक्स चुकीच्या रॅकला लावले. रत्नाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नरेंद्र, मी वर्गात आहे!" आणि कट.

संध्याकाळी नेटवर बसलो. वजन वाढवणारी पावडर, तोंडाला चव आणणाऱ्या गोळ्या, काय काय. एकही बाबांनी घेतली नसती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

क्यूब कमी आहेत!

चोवीस होते. पाच दिवस, रोज दोन. चौदा उरायला हवेत. आठ आहेत. दोनदा मोजले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रत्नाशी भांडलो. आवाज चढवला. म्हटलं, तुला जागा हवी होती फ्रीजरमध्ये तर सांगायचं होतं, फेकायचं नव्हतं.

ती म्हणाली, "मी हातसुद्धा लावत नाही तुझ्या त्या वासाच्या ट्रेला. आणि एक सांगू? बाबांचं सूप तसंच पडलंय. बुधवारपासून एक क्यूब हललेला नाही. तुला माशांचे मोजता येतात, हे दिसत नाही?"

मी खालचा ट्रे काढून बघितला. खरंच. भरलेला.

म्हणजे ते काहीच घेत नाहीत. आम्ही विचारलं की मान हलवतात — घेतलं. खोटं! माझे बाबा खोटं बोलायला लागले.

आईच्या फोटोसमोर उगाच जाऊन उभा राहिलो. ती असती तर एका शब्दात भरवलं असतं. मला तो शब्द माहीत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा सगळं वाटलं, धुतलं, गोठवलं. गाबोळी जास्त मिळाली, ती घातली. लांबतोंड्या पिवळ्या माशाने — जो महिनाभर काही धड खात नाही — आज ओलं मिश्रण चिमूटभर टाकलं तर लगेच ओढलं! मी ओरडलोच. रत्ना धावत आली, तिला वाटलं बाबांना काही झालं. तोंड पाडून उभा राहिलो.

तिची माफी मागायची होती. त्याऐवजी ओटा दोनदा पुसला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

४१ किलो ८००. काटा बिघडलाय बहुतेक.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काटा बिघडलेला नाही. तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून बघितली. बरोबर पाच.

बाबा ४२.२००.

सूप तसंच. मग हे येतंय कुठून? रत्ना म्हणते, शेजारून कोणी काही देत असेल. शेजारी विचारलं. नाही. आणि माझे क्यूब पुन्हा कमी. कालपर्यंत मला याचा राग येत होता. आज कसंतरीच वाटतंय. उद्या गोडाऊनवरून लवकर येणार आहे, न सांगता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हसू येतंय, काय लिहू!

सव्वाअकराला आलो. किल्लीने हळूच दार उघडलं. जिन्यापासूनच वास — लसूण, शिवल्या, गाबोळी. बाबा स्वयंपाकघरात, स्टुलावर बसलेले, गॅससमोर. छोट्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. शेजारी ट्रे. वरचा. माझा!

"बाबा! ते माशांचं आहे!"

त्यांनी चमचा फुंकला, तोंडात घातला. सावकाश गिळला. मान थोडी वाकडी करावी लागते त्यांना.

"माहीत हाय."

"माहीत आहे? मग?"

"चव लागते."

मी तिथेच फरशीवर बसलो.

पहिल्या दिवशी चुकून झालं म्हणे. चष्मा नव्हता, हाताला आला तो ट्रे. पातेलं तापलं तसा वास वेगळा आला, तरी घेतलं एक चमचा. "राख न्हवती. खाडी व्हती." दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम. मीठ आपल्या हाताने घालतात, चिमूटभर.

"सांगायचं ना मला!"

"तू मोजतोस रोज. म्हनलं, बघू याला कधी कलतं." आणि हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघितले ते खांदे हलताना.

मग मला व्हिटॅमिनचे थेंब आठवले. माशांचं व्हिटॅमिन, माणसाच्या पोटात, आठ दिवस! डॉक्टरांना फोन लावला. लागेना. पुन्हा. पुन्हा. बाबा पातेलं पुसून खात होते. शेवटी डॉक्टरांनी उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "कोलंबी, माकूल, शिवल्या, लसूण — सगळं खायचंच आहे ना? उकळून घेतायत ना?" म्हटलं हो. "मग द्या की! ते थेंब तेवढे बंद करा, आणि मला बाटलीवरच्या लेबलचा फोटो पाठवा." फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं, काळजी नको.

रत्ना आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. तिला सांगितलं. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि माझ्यावर ओरडलास."

माफी मागितली. बाबांसमोर.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज बाबा मार्केटात आले! रिक्षातून उतरवलं तर हात झटकला. मच्छीवालीसमोर उभे राहून शिवल्या एकमेकींवर वाजवून बघत होते. कुजबुजत घासाघीस. तिला ऐकू येईना, तिने कान पुढे केला, आणि ऐकून म्हणाली, "बाबा, तुमी येत जा, तुमचा पोरगा काय बी घेतो."

घरी दोन घाणे केले. माशांचा नेहमीसारखा — थेंब घालून, धुऊन. बाबांचा न धुता. तो दुधाळ रस, जो मी गाळणीतून फेकतो, तोच त्यांना हवा. "समदा जीव त्यात हाय नि तू मोरीत घालतोस." गाबोळी दुप्पट. आणि अगदी गंध नको, थोडं दाताला लागू दे. दात चारच आहेत. त्या चारांना लागू दे!

स्टुलावर बसून शिवल्यांचे शिंपले ते उघडत होते. सुरी अशी फिरवली की मी बघत राहिलो. मला वाटायचं, त्यांनी स्वयंपाकघर कधी बघितलंच नाही. तर म्हणाले, लग्नाआधी लूमवर आठ जण एका खोलीत, पाळीपाळीने रांधायचे. मंगळवार त्यांचा. मंगळवारी सगळे वेळेवर यायचे. गावी, अंजूरला, लहानपणी आजीबरोबर खाडीवर जाऊन शिकलेलं ते हात विसरले नाहीत.

बेचाळीस वर्षांचा झालो, आणि मंगळवारचं मला माहीत नव्हतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

४३.१००.

मासे पण खूश. लांबतोंड्या आता सिरिंजकडेच येतो.

तरी मन ठिकाणावर नाही. आता आठच दिवस. गोडाऊनवर सुपरवायझरला बाबांच्या केमोसाठी सुट्टी मागितली, सोमवार ते शुक्रवार, पुढच्या तीन महिन्यांतले पाच आठवडे. तो कॅलेंडर बघत बसला. मी त्याच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होतो. "बस ना यार," म्हणाला. नाही बसलो.

शनिवार, १ मार्च

रत्नाने विचारलं, "तू बाबांना विचारलंस का?"

"काय?"

"केमोचं."

विचारायचं काय त्यात! डॉक्टरांनी सांगितलंय.

ती भाजी निवडत राहिली. मला राग आला. का आला, कळलं नाही.

बाबा दुपारी बाल्कनीत फेऱ्या मारत होते. कठड्याला हात न लावता. आधी दहा, मग पंधरा. मी मोजत होतो. त्यांनी बघितलं आणि मला डोळा मारला!

मंगळवार, ४ मार्च

४४.३००!!

बुधवार, ५ मार्च

ठाण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी स्वतःच्या काट्यावर वजन घेतलं, बाबांचा दंड दाबून बघितला. "काय खाता?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं, डॉक्टर नर्सला बोलावून पुन्हा सांगायला लावत होते. सगळे हसले. सोमवारी, १० तारखेला भरती. बेड लिहून घेतला, कागदावर मी सही केली.

येताना बाबा खिडकीशी. बाहेरच बघत राहिले. दमले असतील.

जिंकलो असं वाटत होतं. रात्रीच्या जेवणात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवार, ८ मार्च

सकाळी बाबांची पिशवी भरलेली. मला वाटलं, हॉस्पिटलची. म्हणाले, "अंजूरला चाललोय. सावळारामला फोन केलाय." सावळाराम काका, त्यांचा धाकटा भाऊ. "सुया नकोत मला, नरेन. ही ताकद त्यासाठी न्हाय जमवली. आपल्या पायानं घरी जायला जमवली." मी ओरडलो. कागद दाखवला, सही दाखवली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही, मी गप्प होईपर्यंत. मग आम्ही तिघं रिक्षाने गेलो. रस्त्यापासून काकांच्या दारापर्यंत ते एकटे चालले. मी दोन पावलं मागे.

सोमवारचा बेड मी अजून रद्द केलेला नाही.