मारुतीनं अडवलेला मंडप

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

पळसदेव,
१८ मार्च १९९६

चि. सोपानभावजी,

वहिनीचे आशीर्वाद. जळोचीत सगळी सुखरूप असालच. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचे बंधूही बरे आहेत. ज्योत्स्नाला मुलगा झाला, लेक बाळंतपणाला माझ्याकडेच आहे.

मारुतीच्या मंडपाचं लाकूडकाम ह्यांनी घेतल्याचं कानावर आलं असेल. खिळा एकही नाही. तुळईच्या टोकाला काढलेलं कुसू खांबाच्या खाचेत बसवायचं आणि वरून पाचर मारायची, ही तुमच्या वडिलांची रीत. तुम्हाला मी काय नव्यानं सांगायची! सगळं तयार आहे, फक्त उभारायचं राहिलंय.

बाळंतिणीच्या लाडवांसाठी ठेवलेला डिंक मागच्या आठवड्यात डब्यातून गायब. एवढ्या महागाईत! मी घर डोक्यावर घेतलं. मग खळ्यात गेले. ह्यांनी जमिनीवर जुळवून ठेवलेल्या सांध्यांत भुसा आणि माझा डिंक, वरून तेल चोळलेलं! बोट घातलं तर लगदा निघाला. कुसवं बारीक झालीत, भावजी. खाचेत खुळखुळतात. कारखान्यात जाता म्हणून तुम्हाला "प्लायवूड चिकटवणारा" म्हणून घराबाहेर काढलं, त्याच माणसाची ही करणी.

विचारलं तर म्हणाले, "म्याट्रिक झालीस म्हणून आता सुतारकाम बी शिकवणार व्हय मला?"

बरे आहेत असं वर लिहिलं, ते खोडा. मोतीबिंदू आहे. स्वतः आखलेली रेघ दिसत नाही. ताटातली चटणी चाचपडत शोधतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठतात. गावाला सांगावं तर हा माणूस तोंड कुठं दाखवील? न सांगावं तर भजनाला बसलेल्यांच्या डोक्यावर मंडप यायचा.

पाडव्याला उभारणी ठरली होती. मी आपली सरळ गेले आणि देवळाचं बघणाऱ्या सर्जेरावांना सांगून आले, की मारुतीनं स्वप्नात येऊन काम थांबवलंय. जन्मात देवाच्या नावानं खोटं बोलले नव्हते. आता बायका पाया पडायला येतात! कुशाबाई विचारतात, "सपनात शेपूट खाली हुतं का वर?" काय बोलू? वर होतं म्हटलं. "मंग रागात हुता गं बाई!" झालं, अर्ध्या आळीनं शनिवार धरले. मी कपाळाला हात लावला.

हे मात्र पुढ्यातला चहा गार होईस्तोवर ओट्यावर बसून राहिले.

सर्जेराव सोडतात होय? "मग चढवायचं कधी?" म्हणाले. मी म्हटलं, दोघा भावांचे हात लागल्याशिवाय तुळई चढवायची नाही, असा हुकूम आहे.

तेव्हा हनुमान जयंतीच्या आत या. कुसवं तपासा, लागतील त्या तुळया नव्यानं घ्या, पण ह्यांच्यादेखत डिंकाचं नाव काढू नका. ते टाकून बोलतील, ऐकून घ्या. आणि रुसूनच बसायचं असेल तर खुशाल बसा. मग गावात खोटी मी ठरणार नाही, मारुती ठरेल. एवढं पाप माझ्या पदरी घालू नका.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुमची रंगूवहिनी