तापाला कागद लागत नाही

खालापूर
२१ ऑगस्ट २०२२

ती. दादास,
बायजाचा शि. सा. न. वि. वि.

रागानेच लिहायला बसले आहे, हे आधी सांगून ठेवते. तुला फोनवर ओरडून उपयोग नाही, म्हणून पेनाने ओरडते. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पण तुझ्यापायी मी अजून पोस्टाच्या पायऱ्या चढते. माझी सून नम्रता म्हणते, आई आणि मामांची पत्रं नसती तर खालापूरचं पोस्ट केव्हाच बंद पडलं असतं.

परवा स्टँडसमोर अबूबकरच्या भांड्यांच्या दुकानात गेले होते. तुझ्या पलटणीतला हा एकच माणूस इथे उरला आहे. पंधरा ऑगस्टला म्हणून त्याने आपली पदकं घासूनपुसून काचेच्या चौकटीत गल्ल्यावर लावली होती. त्यातलं एक कसलं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला देतात ते. हिरामणकडेपण असणारच, एकाच गोळ्यात आमी दोघं सापडलो होतो.

मी परातीची किंमत विचारायची विसरून तशीच बाहेर आले. दादा, तुझे कान पलटणीत असताना तापाने गेले, असं तू आम्हाला सांगितलंस. आईने मरेपर्यंत त्या तापाला शिव्या घातल्या आणि नवस बोलून देवीला चांदीचे कान वाहिले. गाव तुला तापाचा फौजी म्हणतं. लढाईत गेला, ताप आला, परत आला, असं हसत सांगतात. तुला ऐकू येत नाही म्हणून तू सुटतोस. ऐकावं लागतं ते वहिनीला आणि मला.

खरं काय ते कळव. आणि ते पदक तुझ्याकडे का नाही, तेही.

लोभ आहे, पण राग त्याहून जास्त आहे.
बायजा


कशेळे
४ सप्टेंबर २०२२

चि. बायजास अनेक आशीर्वाद.

अबूबकरचं तोंड पूर्वीपासूनच सैल. खंदकातसुद्धा त्याला गप्प बसवायला दुसरा माणूस लागायचा.

विचारतेस म्हणून लिहितो. एकाहत्तरच्या डिसेंबरात आमच्या खंदकापाशी तोफगोळा पडला. अबूबकरच्या मांडीत लोखंड घुसलं. माझ्या कानांतून थोडं रक्त आलं, ते मी बाहीला पुसलं. जखमींच्या गाडीत एकाच माणसापुरती जागा उरली होती. त्याला चढवलं आणि मी मागे राहिलो. माझे हात शाबूत होते, पाय शाबूत होते, बंदूक चालत होती. कानाने थोडीच गोळी झाडायची असते? पुढे लढाई संपली तेव्हा कानात नुसती घंटा वाजत होती, मग तीही थांबली. तपासणीत लिहिलं गेलं, कान मुळातच अधू. त्या शेऱ्यावर मला घरी पाठवलं. अबूबकर दवाखान्यात गेला म्हणून त्याची जखम नोंदली गेली. माझी बाही मी नाल्यावर धुऊन टाकली होती.

घरी येऊन तोफेने बहिरा झालो म्हटलं असतं, तर चारचौघांनी विचारलं असतं, मग तसा कागद कुठाय? तापाला कागद लागत नाही. ताप सगळ्यांना पटतो.

तुझं पत्र मी सोनाबाईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी माझ्या मते हळूच वाचलं, पण मला माझा आवाज कळत नाही, त्यामुळे अख्ख्या आळीने ऐकलं. नंतर दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बहिऱ्याशी अबोला धरणारी बाई जगात तीच. मग पेटीतून माझं फौजेतल्या नोंदींचं पुस्तक काढून तिने जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि ते उघडेपर्यंत भात वाढला नाही.

तुम्ही नणंद-भावजया एकत्र झालात म्हणजे मी हात टेकलेच म्हण. काय अर्ज करायचा तो कर. मिळणार काही नाही.

उत्तर लवकर लिही, शिव्या कमी घाल.
तुझा दादा,
हिरामण


खालापूर
१६ जानेवारी २०२३

ती. दादास,
बायजाचा शि. सा. न. वि. वि.

अर्ज गेला. नम्रताने टाइप केला, मी दोनदा वाचला आणि तिने घातलेले विनम्र आणि कृपया निम्मे काढून टाकले. आपलंच मागायचं तर एवढं वाकायचं कशाला?

प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची साक्ष हवी होती. अबूबकर त्या लंगड्या पायाने तहसीलला आला. त्याची मुलगी रुबिना रिक्षा सांगत होती, पण ऐकेल तर शपथ. टेबलावरच्या माणसाने त्याला विचारलं की चाचा, पन्नास वर्षांनी हे बरं आठवलं. तेव्हा अबूबकरने भर कचेरीत पायजमा मांडीपर्यंत वर केला. म्हणाला, ज्याने मला गाडीत घातला तो तुमच्या कागदावर नाय, आणि मी गाडीत पडून रडत होतो तो हाय. आता काय लिवायचं ते लिवा. सगळी कचेरी उठून बघायला आली. मला रडू आलं आणि हसूही आलं.

तुझ्या संतोषलाही सहीसाठी विचारलं होतं. शेलूच्या नव्या फ्लॅटमधून त्याने कळवलं की बाबांना या वयात दगदग नको. दगदग नक्की कोणाला नको आहे, ते मला कळतं. पोटचा मुलगा हात झटकतो आणि परका माणूस लंगडत येतो, हे मी विसरणार नाही. तू विसर, तू बाप आहेस.

वहिनीला सांग, साडी काढून ठेव. तिचे आशीर्वाद आणि तुझी कुरकुर, दोन्ही पाठव.
बायजा


कशेळे
९ जून २०२३

चि. बायजास अनेक आशीर्वाद.

कान तपासायला फौजेच्या दवाखान्यात बोलावलं होतं, तिथे जाऊन आलो. सोनाबाई बरोबर होती. कानांच्या खात्याबाहेर बाकांवर सगळे आमच्यासारखेच म्हातारे, आणि एक शिपाई दारात उभा राहून नावं पुकारत होता. बहिऱ्यांना नावं पुकारून बोलावतात, बायजा! माझ्या शेजारचा एकजण सकाळपासून बसला होता, त्याचं नाव बहुधा दोनदा होऊन गेलं असेल.

मला ती चिंता नव्हती. सोनाबाईची खूण तुला माहीत आहे. गुडघ्यावर एकदा बोट आपटलं की इकडे बघ, दोनदा आपटलं की ऊठ. लग्नात, मयताला, बँकेत, एसटीत, सगळीकडे मी तिच्या बोटावर उठलो आणि बसलो. लोकांना वाटतं नवरा मुठीत आहे. वाटू दे.

डॉक्टर पोरगेलासा होता, पण माणूस चांगला. त्याने चिठ्ठीवर लिहून विचारलं, तेव्हाच तक्रार का केली नाहीत? मी खाली लिहिलं, तक्रार करणाऱ्याला उत्तर ऐकू यावं लागतं. त्याने दिवा धरून माझे कान पुन्हा तपासले. मग त्याने शेरा लिहिला की हे कान स्फोटानेच गेले आहेत.

परत आल्यावर सोनाबाईने आळीत घरोघरी जाऊन ते सांगितलं. ताप नव्हता गं, तोफ होती, एवढंच तिचं भाषण. लग्न झालं तेव्हा लोकांनी तिच्या माहेरच्यांना, तिला तापाच्या बहिऱ्याला दिली म्हणून बोल लावला होता, हे तिने मला आता खुणांनी सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. मी लपवलं ते एक, तिने लपवलं ते दुसरं. समारंभाला कोणती साडी नेसायची, तेही तिने ठरवून टाकलं आहे. मी म्हणालो, बाजारात तुरी. तिने पाठ फिरवली.

तुझ्या गुडघ्याला तेल लाव. अबूबकरला माझा सलाम सांग.
तुझा दादा,
हिरामण


खालापूर
२६ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
बायजाचा शि. सा. न. वि. वि.

कशी सुरुवात करू ते कळत नाही. वहिनीचं तेरावं करून मी घरी आले आणि दाराशी हा लखोटा. अर्जावर इथला पत्ता होता म्हणून इथेच आला. नोंद दुरुस्त झाली, दादा. शत्रूच्या माऱ्यात जखमी, असं तुझ्या नावापुढे लागलं आहे. पदक जिल्ह्याच्या समारंभात देणार आहेत.

मी तो कागद हातात घेऊन ओट्यापाशीच बसले. पन्नास वर्षं लागली ती लागली, आणखी पंधरवडा आधी आला असता तर कोणाचं काय जात होतं? तिने तो उशाशी ठेवला असता. वाचता आला नसता तरी ठेवला असता. शेवटी तापानेच गेली ना ती! आईच्या शिव्या आता मी घालते आहे.

तू येणार नाहीस म्हणशील, पण यायचं आहे. तिने साडी काढून ठेवली होती, ती नेसून मी येईन. वहिनीची खूण मला पाठ आहे. तुझ्या शेजारी मी बसेन, आणि वेळ झाली की गुडघ्यावर दोनदा बोट आपटेन. तू फक्त ऊठ.

जेवत जा. तुझ्यावर लोभ करणारी आता मी एकटीच उरले आहे, एवढं ध्यानात ठेव.
बायजा


खालापूर
१८ मार्च २०२४

ती. दादास,
बायजाचा शि. सा. न. वि. वि.

समारंभाहून गेलास तो गेलास, एक ओळ नाही. तू माझ्यावर रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

मी तुझ्या शेजारीच बसले होते, हे तू पाहिलंस. मग बिल्ला लावलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, पुढच्या खुर्च्या फक्त सैनिकांच्या, नातेवाइकांनी दोरीमागे बसायचं. मी तिला सांगितलं, गं पोरी, त्याला ऐकू येत नाही. ती गोड हसून म्हणाली, काळजी करू नका आजी, माइक मोठा आहे. दादा, मी तिथेच ठाण मांडून बसायला हवं होतं. चारचौघांत तमाशा नको म्हणून उठले. तुला गाडीतून घेऊन आलेल्या संतोषला पुढे पाठवणार होते, तर त्याला गाडी हलवायला बाहेर बोलावलं होतं.

तुझं नाव तीनदा पुकारलं. मी दोरीवरून ओरडले. तुला हाक मारून काय उपयोग, हे पन्नास वर्षं ठाऊक असून ओरडले. अबूबकर काठी घेऊन उठला, तर पोलिसाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तोवर पुढचं नाव झालं होतं. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणे.

नंतर चहाच्या टेबलापाशी कुणीतरी तुझ्या हातात डबी ठेवली, ते मी लांबून पाहिलं. त्या साडीचा पदर तोंडात कोंबून मी रडले. वहिनी असती तर ती उठली नसती. तिने त्या मुलीला तिचा बिल्ला खायला लावला असता.

काहीही लिही, पण गप्प राहू नको.
बायजा


कशेळे
२ एप्रिल २०२४

चि. बायजास अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. रडणं पुरे कर.

मला काय दिसलं ते सांगतो. माइकवरच्या माणसाचे ओठ हलले आणि सगळे माना वळवून कुणाला तरी शोधायला लागले. मग मीही वळून शोधायला लागलो. मनात आलं, कोण बिचारा, एवढं बोलावलं आणि आलाच नाही. मागे तू दोन्ही हात हलवत होतीस. तुला वाटतं मी पाहिलं नाही. पाहिलं. मला वाटलं, तू सांगते आहेस की तुलाही तो माणूस दिसत नाही. पुढच्याला पदक मिळालं तेव्हा मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

चहापाशी डबी दिली, तेव्हा यादीवर सही घेतली. माझ्या नावापुढे लाल शाईने लिहिलं होतं, गैरहजर. मी त्यावर बोट ठेवलं. त्या माणसाने मला लिहून दाखवलं, यादीची प्रत वर गेली आजोबा, आता ते तसंच राहील. पदक मिळालं ना?

बायजा, फौजेत या शब्दाला शिक्षा असते. माझ्या सगळ्या नोकरीत तो माझ्या नावापुढे एकदाही लागला नाही. कान गेल्यावर हजेरीला मी शेजाऱ्याच्या ओठांकडे बघायचो आणि माझी पाळी आली की हजर म्हणून ओरडायचो. गोळा पडला त्या रात्री मी हजर होतो, हेच सिद्ध करायला तू अर्ज केलास, अबूबकरने मांडी उघडी केली, सोनाबाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. आणि त्या सगळ्याच्या शेवटी माझ्या नावापुढे हा शब्द लागला. गावात आता मला तापाचा फौजी म्हणत नाहीत. संतोष मला लिहून दाखवतो की आता म्हणतात, सरकार पदक द्यायला बसलं होतं, हाच गेला नाय.

पदक मी देवळात आईने वाहिलेल्या चांदीच्या कानांशेजारी ठेवून आलो. आईच्या नवसाला तेवढंच फळ. सोनाबाईने पाहिलं असतं तर घरी ठेवलं असतं. आता घरी कोणाला दाखवू?

तू पुन्हा एक अर्ज कर. पदकाचा त्यात उल्लेख नको. एवढंच लिही की हिरामण त्या दिवशी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, शेवटपर्यंत हजर होता. साक्षीला अबूबकर आहे आणि तू आहेस. मी मरायच्या आत तो एक शब्द खोडून आण.

आणि त्यांना म्हणावं, काय ठरेल ते या वेळी लिहून कळवा. पुकारू नका.

तुझा दादा,
हिरामण