काकांना समोर पाठ लागते

ती. काकूस,

तुझ्या पुतणीचा वाकून नमस्कार. माहेरी मान दुखायची थांबली असेल. (काकांचं नाव निघालं की तू झटक्यात मान वळवतेस, त्यानेच ती आखडली, असं माझं प्रामाणिक मत आहे.)

काकांनी निवृत्ती घरी न सांगता थेट टीव्हीवर जाहीर केली, ही चूकच. त्यांची बाजू घ्यायला मी लिहीत नाही, फक्त हकिकत कळवते. आमच्या वाहिनीने त्यांना या मालिकेपुरतं समालोचनाला घेतलंय. ठेवायचं की नाही, ते रविवारच्या शेवटच्या सामन्यावर ठरेल. अठरा वर्षं यष्टीमागे ज्या माणसाचं तोंड मिटलं नाही (फलंदाज गोलंदाजापेक्षा त्यांनाच वैतागून बाद होत), त्याला बोलायचं काय अवघड? पण माइक पुढे आला आणि काका गप्प! दिग्दर्शकांनी माझ्या कानात विचारलं, "तुझे काका श्वास घेताहेत ना गं?"

घरातली पहिली पदवीधर मी, तीही प्रसारमाध्यमांच्या विषयातली. मी त्यांच्याकडून उच्चारांचे व्यायाम करून घेतले, समोर बसून मान डोलावत उत्तेजन दिलं. ते आणखीच आकसले. तिसऱ्या सामन्यात एक वायर निसटली, ती जोडायला मी त्यांच्याकडे पाठ करून वाकले, तोच मागून आवाज आला, "काय रे, पाय रोवलास की रुजलास? हलव की जरा!" सगळ्या देशाने ऐकलं. मग धबधबाच! "आता आडवा मारणार बघ... मारला! सांगत होतो की नाही!"

या माणसाने जन्मभर समोरच्या फलंदाजाच्या पाठीशीच गप्पा मारल्यात गं. तोंड दिसलं की त्यांना काही सुचत नाही. तेव्हापासून मी हेल्मेट घालून त्यांच्यापुढे स्टुलावर पाठमोरी बसते. समालोचनाने लोकांना विचार करायला शिकवावं, हे माझं ध्येय कायम आहे. तूर्त ते मी पाठीने साधते आहे.

मामांना नमस्कार.

तुझी,
पुतणी

ता. क. रविवारी मला मैदानावर मुलाखती घ्यायला पाठवताहेत (कॅमेऱ्यापुढचं माझं पहिलंच काम!), म्हणजे स्टूल रिकामं. मेकअपवाल्याची पाठ बसवून पाहिली, पण काका म्हणाले, "ही ऐकत नाहीये." तू येशील? बोलायचं नाही, बघायचंही नाही. रागावून बसतेस तशीच बस.

आणखी एक ता. क. मला ते 'पोरी' म्हणतात. काल षटक संपताना माझ्या पाठीला म्हणाले, "अगं, तुला आधी सांगायला हवं होतं." माइक सुरू होता. मी मागे वळले नाही.