शिक्क्यासाठी अडलेला अंगठा

सोम., ३ फेब्रु.
नोटरीचं प्रमाणपत्र काल संपलं. नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी द्यायचा असतो, मी त्याच्याही आधी दिला होता. उपयोग शून्य. मुंबईला, विधी व न्याय विभागात फोन केला. "विचाराधीन आहे, मॅडम." तोवर शिक्का वापरू का? "नियम बघा." नियम मला पाठ आहेत रे बाबा, आदेश पाठव! शिक्का कपाटात ठेवला. कोर्टाच्या आवारात दिवसभर माणसं परत पाठवली.

गुरु., ६ फेब्रु.
अमडापूरहून मंगला आली. नामदेवबाबांनी लहानाची मोठी केलेली लेक, दत्तकाचा कागद कधी झालाच नाही. बाबा अंथरुणाला खिळलेत. मृत्युपत्र नसेल तर घर पुतण्यांचं, ही रस्त्यावर. म्हटलं, अगं, मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही, दोन साक्षीदार पुरेत.
"लाल शिक्का नसला तं बाबा नाई मानत, मॅडम. आमच्या गावात त्याले कागदच नाई म्हनत."

शनि., ८ फेब्रु.
मृत्युपत्र लिहून अमडापूरला. वाचून दाखवलं, बाबांनी मान हलवली. साक्षीला शेजारचे दोघं. शाई पुढे केली तर अंगठा मुठीत! "शिक्का?" परोपरीनं समजावलं.
"वकीलबाई, मले येडं समजता का? भावाच्या वाटणीच्या कागदाले तुमीच मारला ना शिक्का? मंग माह्या पोरीच्याच येळी काऊन नाई?"
परतताना जीपमध्ये रडू आलं, रागानं.

सोम., १० फेब्रु.
चिखलीतले दुसरे नोटरी पुतण्यांचेच वकील. बुलढाण्याचे घरी येत नाहीत. वकिलांच्या बाररूममध्ये एक शहाणा म्हणाला, "मागची तारीख टाका, कोण पाहून राह्यलं?" पुतणे पाहतील ना! अंगठा प्रमाणपत्र संपल्यावरचा, मग शिक्का आधीचा कसा, हाच कोर्टात पहिला प्रश्न. धडधाकट कागद माझ्याच हातानं संशयात. शिवाय गुन्हा माझ्यावर. मुंबईवाले फोनच उचलत नाहीत.

मंगळ., ११ फेब्रु.
मंगलाचा फोन. बाबांचा आवाज बसलाय, शुद्ध आहे. साक्षीदार येऊन बसलेत. "कसाबी मारा मॅडम, त्याईले दिसला म्हन्जे झालं. मी पाय धरतो तुमचे."
शिक्का मारला तर बाबा अंगठा देतील अन् पुतण्यांना भांडायला जागा मिळेल. नाही मारला तर अंगठाच नाही.
भीती वाटते. कागद पर्समध्ये टाकला. खाली जीपवाला हॉर्न देतोय. शिक्का कपाटातून काढलाय, अजून टेबलावरच आहे.