दादाच्या बरगडीवरची खूण

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आणि मी चपराशी नाही. दादाला हे किती वेळा सांगायचं? आजच्या पत्रावर पुन्हा तोच पत्ता: गिरिधर चपराशी, पोटाचा फोटो काढायचा दवाखाना, नागपूर. पोस्टमन पायरीवरून मोठ्याने वाचतो. सिस्टर प्रमोदिनी हसते.

मी सोनोग्राफी डिपार्टमेंटला आहे. पेशंटच्या पोटाला जेली लावतो, नंतर ती पुसतो, आणि बाहेर बसलेल्यांना सांगतो की उपाशीपोटी यायचं होतं. सातवी नापास माणसाला हे जमतं का? जमतं. मी आहे ना.

पत्रात शेवटी दोन ओळी. दादाला वीस दिवसांपासून थंडी वाजून ताप. उजव्या बरगडीखाली दुखतं, संत्र्याची टोपली उचलवत नाही. गावातला कंपाउंडर मलेरियाची सुई टोचतो. लोक म्हणतात, लिव्हरले सूज हाय, नागपूरले गेला तं पोट फाडतीन.

निश्चय: रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करणे.

१८ नोव्हेंबर

दादाला कार्ड टाकलं. लिहिलं, पोट फाडायचे दिवस गेले. आता मशीनवर आतलं दिसतं, दिसता दिसता सुई आत जाते आणि घाण ओढून घेते. टाका नाही. काटा काढण्यासारखं. मी असे अकरा पाहिले आहेत. बिनधास्त ये, आपलाच दवाखाना आहे.

शब्द तीन झाले. नीडल, लिव्हर, प्लीज.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दादा आला. सोबत पंचफुला वहिनी. एसटीतून उतरताना दादाने पोट दोन्ही हातांनी धरलं होतं, जसं काही सांडेल. चेहरा राखेसारखा. मी धीर दिला की रंग चांगला आहे. वहिनी म्हणे, भाऊजी, तुमच्या शहरात चष्मे महाग हायेत का?

आमच्या डॉक्टरसाहेबांनी मशीनवर पाहिलं. लिव्हरमध्ये मोसंबीएवढा काळा गोल. आत पू. साहेब म्हणाले, हा पोटात फुटला तर जीव जाऊ शकतो, उशीर नको. मग सगळं समजावून सांगितलं. भूल पूर्ण नाही, जागा बधिर करायची. पेशंट जागा राहील. श्वास धर म्हटलं की धरायचा, हलायचं नाही. सुईआधी काही खायचं नाही. झाल्यावर काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं. चक्कर आली, पोट जास्त दुखलं, तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं. एकदा काढून पुन्हा भरला तर पुन्हा काढावा लागेल. साहेब चांगलं सांगतात, पण फार हळू बोलतात. बाहेर येऊन मी तेच मोठ्याने सांगितलं.

सिस्टरने वही उघडून विचारलं, कुठली गोळी, पुडी चालू आहे का? दादा अंगदुखीची पुडी खातो, दिवसाला तीन. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काही नाही. एकदा हो म्हटलं की तारीख पुढे ढकलतात, मी रोज पाहतो. डिपार्टमेंटचा माणूस घरात असण्याचा हाच फायदा.

साहेबांनी बरगडीखाली जांभळ्या पेनने फुली मारली आणि लाईट गेली. रक्ताचा रिपोर्टही उद्याच येणार. म्हणाले, उद्या दहाला. खूण पुसू नका.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६

आमच्याकडे माणूस अंघोळ केल्याशिवाय डॉक्टरसमोर पोट उघडं करत नाही. दादा म्हणे, एसटीच्या धुळीनं भरलो, असा कसा जाऊ? वहिनीने माझ्या खोलीवर पाणी तापवलं. ताप असलेल्या माणसाला स्वच्छतेचं समजणाऱ्यानेच चोळलं पाहिजे, म्हणून साबण मी लावला. खसखसून लावला.

खूण गेली. कोणी पुसली हे सांगणं कठीण. पाणी फार गरम होतं.

६.२०

घाबरलो नाही. माझ्याकडे जांभळी पेन्सिल आहे, जिभेवर ओली केली की शाईसारखी उमटते. काल मी साहेबांच्या बाजूलाच उभा होतो, जागा डोळ्यासमोर आहे. चार बोटं मोजली आणि फुली काढली. साहेबांच्यापेक्षा सरळ आली. दादा म्हणे, काहून गा, थे तं खाली होतं ना थोडं? मी म्हटलं, काल तू झोपून होता, आज उभा आहे. त्याने सदरा घातला. वहिनी फुलीकडे पाहत राहिली.

संध्याकाळी

जेली लावली तर फुलीचा जांभळा ओघळ झाला. साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं. विचारलं, ही खूण कोणाची? इथे सुई घातली तर फुप्फुसात जाईल. मी मशीनशिवाय टोचत नाही म्हणून, नाही तर?

सिस्टर म्हणाली, खेड्यातली माणसं सर, या बाईनेच काही बिब्बा-बिब्बा लावून ठेवला असेल. सगळे वहिनीकडे पाहू लागले. वहिनी माझ्याकडे पाहू लागली. मला तेव्हाच स्टूल सरळ करायचं आठवलं.

साहेबांनी तिला विचारलं, बाई, आणखी काय सांगितलं नाही? वहिनीने पदराची गाठ सोडली आणि तीन पुड्या टेबलावर ठेवल्या. म्हणे, साहेब, थे रोज तीन खातेत. काल सांगाचं राहून गेलं. सकाळी रक्त तपासायला दादाच्या कानाला टोचलं, तेव्हा रक्त थांबायला उशीर लागला होताच. साहेब म्हणाले, या पुडीने रक्त पातळ होतं, आज सुई घातली असती तर आत वाहत राहिलं असतं. पुडी बंद. वॉर्डात ठेवा, औषध सुरू करा, मंगळवारी बघू. तोवर फुटू नये म्हणजे झालं.

चार दिवस. माझ्या हिशेबाने दादाला विश्रांतीची गरज होतीच.

२३ नोव्हेंबर

ताप एकशे तीन. वहिनी पलंगाशेजारी खाली बसून राहते. मी सांगितलं, काळजी नको. ती म्हणे, भाऊजी, तुमी नोका सांगू. तुमी सांगतलं का मले काळजी लागते.

फुटला असता तर काय, हा विचार मी केला नाही. दिवसभर केला नाही. जेवलोही नाही, पण त्याचं कारण वेगळं. मेसची भाजी खराब होती.

शब्द: शून्य.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

झालं.

साहेबांनी पेन हातात घेतलंच नाही. मशीन लावलं, तिथल्या तिथे जागा ठरवली, बधिर केलं. सुई पेनापेक्षा लांब. दादाला म्हणाले, श्वास धरा. दादाने असा धरला की मी सोडायचा विसरलो. स्क्रीनवर काळ्या गोलात पांढरा ठिपका शिरला. साहेबांनी सिरिंज ओढली. गेरूच्या पाण्यासारखं आलं, दाट. पुन्हा ओढली. पुन्हा. मला भांडं धरायला सांगितलं.

यानंतरचं मी कॉरिडॉरमधून ऐकलेलं लिहितो, कारण मला उचलून तिथे फरशीवर निजवलं होतं. आतून दादाचा आवाज आला, सिस्टर, आमचा पोरगा पडला काय वं? त्याले पाहा आधी. मग साहेबांचा आवाज, रुपराव, तुम्ही हलू नका, पडणारे पडू द्या.

अशक्तपणा होता. खरं म्हणजे आधीचे अकरा मी दाराबाहेरून पाहिले होते. दार बंद असायचं.

साडेतीनशे मिली निघाला. रात्री दादाने वरण-भात मागितला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल पुन्हा मशीनवर पाहिलं. गोल लिंबाएवढा उरला आहे, तो गोळ्यांनी जाईल. ताप नाही. आज सुट्टी. साहेबांनी सांगितलं, गोळ्या पूर्ण करा, दारूचा थेंब नको, दीड महिना टोपली उचलायची नाही, पंधरा दिवसांनी दाखवा. या वेळी मी मोठ्याने सांगितलं नाही.

स्टँडवर वहिनी खिडकीतून म्हणे, भाऊजी, थे पेन्सिल फेकून देजा. दादा हसला आणि बरगडी धरून थांबला.

परत आलो तर साहेबांनी मला गेटवर नंबर वाटायला बसवलं. मशीनच्या खोलीत जायचं नाही. जनसंपर्काचं काम आहे. एका परीने बढतीच.

५ डिसेंबर, शुक्रवार

दादाचं पत्र. भूक लागते, चालतो. मग लिहितो, तुझ्या दवाखान्यातली गोष्ट, सिस्टरने पंचफुलावर ढकलली ती, गावात पसरली. आई सांगत सुटली आहे की गिरिधरने भावाला वाचवलं आणि सुनेने खूण पुसून मारला असता. आई पंचफुलाशी बोलत नाही, तिच्या हातचं पाणी घेत नाही. पंचफुला म्हणते, राहू द्या, भाऊजीले नोकरी लागली थेवढाच त्याइच्या मायचा आनंद हाय. मीही गप्प आहे. तुझं तू पाहा.

दादाने उगाच मनावर घेतलं. आईचा राग आठ दिवसांत जातो.

६ डिसेंबर, शनिवार, दुपारी

जात नाही. मामीशी आई अकरा वर्षं बोलत नव्हती.

पगार झाला. पोस्टात गेलो. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपाला तीन बोटं जागा असते. आमच्या गावचा पोस्टमन पैसे देताना निरोप मोठ्याने वाचतो, कारण आईला वाचता येत नाही आणि तोवर अर्धी गल्ली जमलेली असते. पहिल्या फॉर्मवर लिहिलं, खुणेबाबत गैरसमज झाला आहे, कोणाचाही दोष नाही. फाडला. दुसऱ्यावर गरम पाण्याबद्दल लिहिलं. जागा पुरली नाही. मागचा माणूस म्हणे, लिव ना भाऊ लवकर, कादंबरी लिहून राहिला का?

तिसऱ्यावर लिहिलं. आईस नमस्कार. खूण मी पुसली. चुकीची मीच काढली. पुडीचं मीच लपवलं. वहिनीने सांगितलं म्हणून दादा वाचला. तिच्या हातचं पाणी पी. गिरिधर.

क्लार्कने पूर्ण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला. रुपये पंच्याऐंशी फक्त.