गुंडाळलेल्या गाद्या

४ जानेवारी

आलो बुवा एकदाचा! सकाळी ट्रक लागला आणि दुपारपर्यंत सामान वर. रुग्णालयाच्या आवारातच क्वार्टर मिळालंय. दुसरा मजला, दोन खोल्या, पलंग-गाद्यासुद्धा रुग्णालयाच्याच. गॅलरीतून नवी इमारत दिसते, काचा पुसून अगदी चकाचक. तिच्या मागे जुनी, बसकी, तोंड पाडून उभी. जुनीतले वॉर्ड एकेक करून नवीत हलवायचे आणि जुनी पाडण्यासाठी रिकामी करून द्यायची, हे माझं काम. शहराच्या आसपासची तीन छोटी रुग्णालयं मीच बंद केली. तिथले रुग्णही आता इकडेच येतात. बंद करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी आक्काला ऐटीत सांगितलं. त्यावर ती म्हणाली की टिकोजीराव, आधी बाथरूमचा नळ बंद करून दाखवा, मघापासून गळतोय.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. हिने मला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता आम्ही दोघंच एकमेकांना. तिला दमा आहे, त्यामुळे दवाखान्याच्या दारातलं घर बघून मला हायसं वाटलं. नळ मात्र अजून गळतोय.

७ जानेवारी

आज जुन्या इमारतीतला बायकांचा वॉर्ड पाहिला. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे खमकं प्रकरण. सगळे त्यांना टरकून असतात, मीही पहिल्याच दिवशी टरकलो.

इथली एक रीत गमतीची वाटली. खाट रिकामी झाली की गादी पायथ्याकडून गुंडाळून उशाशी ठेवतात. गुंडाळलेली गादी दिसली की खाट रिकामी. मग जेवणाची गाडीसुद्धा तिथे थांबत नाही, कोणी तिकडे ढुंकून बघत नाही. पण गुंडाळायच्या आधी एक सोपस्कार. रुग्णाने स्वतः उठून “येते” म्हणायचं आणि सिस्टरांनी ते ऐकायचं. रुग्ण जागेवर नसेल तर खाटेच्या दांडीवर थाप मारून मोठ्याने विचारायचं, कोणी आहे का? समोर धडधडीत रिकामी खाट असली तरी! मी हसलो. सिस्टर म्हणाल्या की त्यांना असंच शिकवलं होतं, का ते त्यांनीही कधी विचारलं नाही. अशाने वॉर्ड हलवायला वर्ष लागेल, असं मी मनात म्हटलं.

१२ जानेवारी

आक्काचा श्वास पहाटेपासून लागला होता. त्याच वॉर्डात दाखल केलं, कोपऱ्यातली खाट मिळाली. सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता, पण संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांनी वॉर्ड ताब्यात घेतला होता. शेजारणीला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगून हसवत होती. मी शाळेच्या नाटकात झाड झालो होतो आणि तरी वाक्य विसरलो, ती गोष्टही सांगून झाली. आता काय बोलायचं! डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात घरी.

१८ जानेवारी

आज बायकांचा वॉर्ड हलवला. मोठ्या साहेबांना घाई होती, उद्या बाहेरून पाहणी करायला मंडळी येणार आहेत. सिस्टरांना मी मुद्दामच नव्या इमारतीत स्वागताला उभं केलं, म्हणजे इकडे दांड्यांवर थापा मारत बसायला नकोत. वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, हाताशी धरलं आणि स्वतः बाह्या सरसावल्या.

आक्काला तेवढ्यात एक्स-रेला नेलं होतं. नव्या इमारतीत तिच्यासाठी मी खिडकीजवळची खाट अडवून ठेवली आहे, तिला सांगितलेलं नाही. तिची गादी मीच गुंडाळली. अजून ऊबदार होती, आत तिचा हिरवा कंगवा राहिला तो तसाच गुंडाळला गेला. म्हटलं, नंतर काढू. गाद्या ट्रकात भरून मागच्या शेडमध्ये गेल्या. चारच्या आत वॉर्डाला कुलूप! साहेबांनी पाठ थोपटली.

आता नव्या वॉर्डात जाऊन येतो, बाईसाहेबांचा चेहरा बघायचाय.

१९ जानेवारी

आक्का तिथे नाही. कुठेच नाही. खिडकीजवळच्या खाटेवर काल कोणी आलंच नव्हतं. एक्स-रेवाला आधी म्हणाला, परत वॉर्डात सोडलं. तासाभराने पुन्हा विचारलं तर म्हणाला, कोणाला?

सिस्टर म्हणाल्या, कोपऱ्यातली खाट महिनाभर रिकामीच होती. त्या खोटं बोलत नव्हत्या, तेच तर भयंकर. डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर तपासलं होतं. आज त्यांनी विचारलं की तुम्हाला बहीण आहे का. शेजारच्या फार्मासिस्ट वहिनी रोज गॅलरीत तिच्यासोबत चहा प्यायच्या. त्या म्हणाल्या, एकट्या माणसाला घर खायला उठतं, जेवायला येत जा आमच्याकडे. पोलिसांत गेलो. हवालदाराने तिचा फोटो नीट पाहिला, टेबलावर ठेवला आणि विचारलं की शोधायचं कोणाला.

जुन्या वॉर्डाची किल्ली मागून ठेवली आहे.

२१ जानेवारी

कुलूप उघडलं. सोबतीला एका मामाला नेलं होतं.

आक्का तिथेच आहे. नुसत्या लोखंडी खाटेवर बसलेली, शाल घट्ट लपेटून. मला बघून खेकसली, कुठे मेला होतास, गादी कुठाय माझी? मी रडलोच. तिला उठवायला गेलो, पण माझ्या हाताला फक्त थंड दांडी लागली. ती म्हणते, एक्स-रेहून आले आणि जरा टेकले, तेव्हापासून उठताच येत नाही. कोणी येत नाही, हाका मारून घसा बसला. गादी आण, ती म्हणाली, मग नीट “येते” म्हणून उठते.

मामा दारात उभा होता. हळूच म्हणाला, साहेब, कोणाशी बोलताय?

दांडीवर थाप मारून विचारलं. कोणी आहे का? कोणी आहे का? आक्का म्हणाली, आहे ना रे. पण मलाच कळलं, आता उपयोग नाही. आधी विचारायचं होतं.

२४ जानेवारी

शेडमध्ये आहे दोन दिवस. गाद्यांचा डोंगर. इथल्याच नाहीत, मी बंद केलेल्या तिन्ही रुग्णालयांच्याही आहेत. तिथे दांडीवर थाप मारून कोणी विचारलं होतं? मी तर नाही.

सगळ्या गाद्या ऊबदार आहेत.

एक उलगडली. आत काही नव्हतं, फक्त तेल लावलेल्या केसांचा वास. हात काढला तशी पुन्हा आपोआप गुंडाळली गेली. तळातून कोणीतरी खोकलं. ते आक्काचं खोकणं नव्हतं.

२७ जानेवारी

साहेबांच्या पाया पडलो. खरोखर पडलो. म्हटलं, जुनी इमारत पाडू नका, आत माणसं आहेत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हातात दिला, म्हणाले, तुम्ही फार राबलात, रजा घ्या. तुमची जागा आम्ही बघू. मशिनं सोमवारी येणार, ते काही थांबत नाही.

आक्काला रोज सांगतो, आज गादी सापडेल. तिचा श्वास लागतोय. औषध नेलं तर तिच्या हातातून खाली पडतं.

३१ जानेवारी

सापडली! हिरवा कंगवा आत आहे, तिचे दोन पांढरे केसही. आक्काची गादी!

खांद्यावर घेऊन निघालो. फाटकावरच्या मामाने मान वर केली नाही. फार्मासिस्ट वहिनी जिन्यात समोरून आल्या, मी बाजूला झालो नसतो तर धडकल्याच असत्या. आक्काची जाड शाल घ्यायला घरी—

माझ्या पलंगावरची गादी गुंडाळलेली आहे.

उशाशी. नीट, पायथ्याकडून.

मी रजेवर गेलो म्हणून. खोली दुसऱ्याला द्यायची म्हणून. मी शेडमध्ये होतो तेव्हा कोणी येऊन—मला कोणी विचारलं नाही. कोणी आहे का, एवढंच तर विचारायचं होतं—

१ फेब्रुवारी

गादी अंथरली. आक्का तिच्यावर बसली, मग मोठ्याने म्हणाली, येते. उठायला गेली. उठता आलं नाही.

मी ऐकलं ना! पण माझं ऐकणं आता—

वॉर्ड भरलेला आहे. आज मला सगळ्या दिसतात, ज्यांचं “येते” कोणी ऐकलंच नाही त्या. प्रत्येक खाटेवर कोणी ना कोणी. सगळ्या दाराकडे बघताहेत.

बाहेर मशिन सुरू झालं. खिडकीतून ओरडलो. पिवळ्या टोपीवाला थेट माझ्याकडे बघत होता, मग त्याने हात वर करून पुढे या अशी खूण केली. मला नाही, मशिनला.

दारापर्यंत जाता येत नाही. मी पण जरा टेकलो होतो, खाटेच्या कडेला—

भिंतीची माती पडतेय वहीवर. आक्काने विचारलं, सांगितलंस ना रे त्यांना, आपण आत आहोत ते? हो म्हटलं. सांगितलंय. थांबवतील आता. म्हटलं, तू घाबरू नकोस. ती हसली, मला टिकोजीराव म्हणाली, आणि सरकून गादीवर माझ्यासाठी जागा—