एक्झिटची तीन अक्षरं

शुक्रवार, ४ एप्रिल

चालला! आमचा छपाईचा प्रोग्राम पुन्हा चालला!

काल कन्यारत्नाने सर्व्हरवर नव्या आवृत्त्या चढवल्या आणि तेव्हापासून तो मुका झाला होता. (तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी. अजून प्रोबेशनवर, पण थाट बघावा!) "ताई, म्हातारा झालाय तो, सोडून द्या ना आता." सोडून द्या! चोवीस वर्षं या परीक्षा विभागाची प्रत्येक गुणपत्रिका त्यानेच छापली. साहेबांनी आणि मी मिळून लिहिला तो. साहेब तेव्हा साहेब नव्हते. शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि माझ्या चुका पेन्सिलने खुणावायचे – पुसता याव्यात म्हणून.

त्याला जुनी लायब्ररी फाईल हवी होती, एवढंच. सगळे गेल्यावर जुन्या डिस्कवरून आणून जागेवर बसवली. तिथे होती ती फेकली नाही, नावापुढे आजची तारीख घालून बाजूला ठेवली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी हाताला लावलेलं वळण – तारखेशिवाय काही ठेवायचं नाही. एक गुणपत्रिका छापून पाहिली. सुरेख! स्क्रीन तशीच उघडी टाकून घरी आले.

सोमवार, ७ एप्रिल

सर्व्हर वेड्यासारखा वागतोय. फायलींची यादी मागा – आज्ञा कोसळते. कॉपी करायला सांगा – कोसळते. नव्याने लॉग इन तर कुणालाच होत नाही. जिवंत आहे ती फक्त स्क्रीनवर उघडी राहिलेली माझी शुक्रवारची खिडकी. तीन महिने ऐकतेय, "ताई, जाताना लॉग आउट करत जा हो." आणि आज? "ताई, बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत माझं!" म्हणत माझ्या खुर्चीत बसली. माझ्या उशीवर.

साहेब वर्षभरात या खोलीत फिरकले नव्हते. आज धावत खाली. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, "बेटा, घाबरू नकोस." तिच्यासाठी कॉफी आणली, स्वतः! मला म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या." तुम्ही. कधीपासून झाले मी तुम्ही?

तिने सगळ्यांना बजावलं, "या खिडकीत एक्झिट तेवढं कुणी टाइप करू नका. एक तीच आज्ञा कोसळत नाहीये! खिडकी बंद झाली की संपलं. मशीन पुसून नव्याने बसवायचं, निकाल आठ दिवस पुढे – आणि मी घरी." शेवटचं हसत म्हणाली, पण कॉफीला हात लावला नाही.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

धाकटी बहीण जेवताना म्हणाली, "आज भाजीत मीठ नाही आणि तुझ्या तोंडात त्या पोरीशिवाय विषय नाही. त्या मशीनशी लग्न केलं असतंस तर निदान सवतीचं कौतुक तरी सांगता आलं असतं!"

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी कन्यारत्न म्हणालं, "ताई, मला वाटतं एखादी लायब्ररी फाईल जुनी बसलीय. बऱ्याचशा आज्ञा तिच्यातूनच कोड उसना घेतात, म्हणून एकदम पडतायत."

माझी फाईल. माझा शुक्रवार.

ती साहेबांना सांगायला वर गेली. खोलीत मी एकटी. खिडकी बंद झाली तर मशीन पुसलं जाईल, माझी फाईलही पुसली जाईल आणि गुरुवारच्या आवृत्त्या कुणी चढवल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. ई. एक्स. आय. तीन अक्षरं टाइप केली. टी वर बोट होतं – जिन्यात तिच्या चपला वाजल्या. मी हात मांडीवर घेतले.

ती बसली. स्क्रीनकडे पाहिलं. बॅकस्पेस तीनदा दाबलं. बस.

मग माझ्याच तोंडून निघालं, "एको लिही आणि पुढे तारा-चिन्ह. ती आज्ञा या खिडकीच्या शेलमध्येच असते, बाहेरून काही उसनं घेत नाही. यादी मिळेल." साहेबांनीच शिकवलेलं, डिस्क मेली होती त्या वर्षी. यादी आली. खाली खाली जाणारं तिचं बोट एका नावापाशी थांबलं. नावापुढे शुक्रवारची तारीख. या कचेरीत अशी तारीख कोण घालतं, ते शिपायालाही माहीत आहे.

कुणाकडून उसनं न घेणारं एक छोटं दुरुस्तीचं साधन त्या यादीत होतं. ते वापरून तिने त्या तारखेची फाईल पुन्हा जागेवर बसवली. अडीच वाजता सगळं सुरळीत.

बुधवार, ९ एप्रिल

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव! तू होतीस म्हणून वाचलो." तू!

घरी चालत आले. बसची आठवणच झाली नाही.

गुरुवार, १० एप्रिल

जुनी फाईल तिने एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीय. आमचा प्रोग्राम तेवढा तिथे बघतो, बाकी कुणाला त्रास नाही. चालतोय म्हातारा! मला हे सुचलं नव्हतं. कसं सुचतं हिला?

तिने अहवाल दिला. मी वाचला. कारण : सापडलं नाही.

"असं का लिहिलंस गं?"

"तुमचे निवृत्तीला सातच महिने राहिलेत ना, ताई." मान वर न करता.

दुपारी साहेब मला विश्वासात घेऊन म्हणाले, "कारणच सापडत नाही, म्हणजे पोरगी कच्ची आहे. कायम करायचं नाही इतक्यात. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते किती वर्षांनी विचारलं त्यांनी! आणि मी गप्प बसले.

आज धाकटीला काही सांगितलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

साहेबांना लेखी दिलं. फाईलचं नाव, वेळ, ती तीन अक्षरंसुद्धा. खाली तारीख. त्यांनी दोनदा वाचलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. सोमवारपासून माझा पासवर्ड बंद.

खाली आले तर ती माझ्या खुर्चीतून घाईघाईने उठत होती.

"बस," म्हटलं. "उशी राहू दे. पाठ दुखते त्या खुर्चीत."